मॉरिशस : साखरेची कोठी, पुढचा व्हरांडा आणि मागचं दार

सरमिसळ (धागाकर्ती)

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण मॉरिशसला जाऊन आलो. नवरा, दोन मुलं, मी आणि सासूबाई. समुद्राबद्दल लिहीत नाही, त्यावर इथे आधीच चार धागे आहेत आणि चारही धाग्यांत तोच सूर्यास्त आहे. मला लिहायचंय उसाबद्दल.

विमानतळाबाहेर पडलं की ऊसच. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग, काही तर पायऱ्या-पायऱ्यांनी नीट रचलेले. धाकट्याला वाटलं किल्ले आहेत. टॅक्सीवाले काका भोजपुरी वळणाच्या हिंदीत म्हणाले, "जमीन ज्वालामुखीची, नुसते दगड. ऊस लावायचा तर आधी दगड उचला." कोणी उचलले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हॉटेलवर पोचायची घाई होती.

तिसऱ्या दिवशी बो प्लांचा जुना साखर कारखाना पाहिला. पाम्प्लेमूसच्या प्रसिद्ध बागेच्या शेजारीच आहे. १९९९ साली तो बंद पडला आणि आता तिथे संग्रहालय आहे. नाव 'लाव्हांत्युर द्यु सुक्र', म्हणजे साखरेची साहसकथा. माझं माहेर सांगलीकडचं, त्यामुळे यंत्रं ओळखीची निघाली. चरक, रस आटवायची भांडी, साखर वेगळी करणारी गरगरती यंत्रं. फक्त मळीचा वास नव्हता. मळीच्या वासाशिवाय साखर कारखाना म्हणजे वाजंत्रीशिवाय लग्न.

इतिहास मात्र तिथे लपवलेला नाही. १६३९ मध्ये डचांनी जावाहून ऊस आणला, पण १७१० पर्यंत ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. १७३५ मध्ये आलेल्या माहे द ला बुर्दोने या गव्हर्नरने बंदर बांधलं, साखरेला चालना दिली. हे सगळं बांधायला माणसं आली ती मादागास्कर आणि मोझांबिककडून, जहाजांत कोंबून. १७२३ च्या कायद्याप्रमाणे गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता, टेबल-खुर्चीसारखी. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं आणि १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी रद्द झाली. नुकसानभरपाईही दिली गेली. मालकांना! ब्रिटिश सरकारने सगळ्या वसाहतींतल्या मालकांसाठी २ कोटी पौंड काढले, त्यातले २० लाखांहून जास्त मॉरिशसच्या वाट्याला आले. राबलेल्यांच्या हातावर एक पैही नाही.

आणि त्याच सुमाराला आपली माणसं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांहून जास्त. ज्या घाटावर ते उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

हे सगळं वाचून बाहेर पडलं की साखरेचे वेगवेगळे प्रकार चमचा-चमचा चाखायला देतात, पुढे रम. मुलांनी साखर संपवली, नवऱ्याने रम.

पाचव्या दिवशी एका जुन्या मळेवाल्याचं घर पाहिलं. नाव लिहीत नाही. पांढरं लाकडी घर, भोवती व्हरांडा, पुढे हिरवळ, आत झुंबरं, पियानो, मालकांची चित्रं. प्रत्येकाचं नाव, जन्ममृत्यूची सालं. गाइड मुलगी गोड होती. टेबल कुठल्या लाकडाचं, काचसामान कुठून आलं, सगळं तोंडपाठ. सासूबाई अर्धा तास गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, "हिला विचार, मागचं दार कुठंय?"

मी विचारलं. मुलगी म्हणाली, मागे आता रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर आहे, तिकडे पाहण्यासारखं काही नाही. सासूबाई तरीही घराला वळसा घालून गेल्या. मागे दगडाच्या तीन पायऱ्या होत्या, मधली झिजून बशीसारखी झालेली. त्या तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता फोटो काढ."

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. अशी घरं इथे कोणी पाहिली आहेत का? पाहताना तुम्ही काय करता? सुंदर आहे म्हणावं तर अपराधी वाटतं, आणि नाही म्हणावं तर खोटं बोलल्यासारखं.

---

भटक्या_विमुक्त

आम्ही हनिमूनला गेलो होतो, सात रंगांची माती बघितली, बोटीत उलट्या केल्या आणि परत आलो. ऊस दिसला होता, पण नवीन लग्न झालेल्या माणसाला उसात काय दिसणार. धागा आवडला. सासूबाईंचा फोटो टाका.

---

तर्ककर्कश

लेख चांगला, पण भावनेच्या भरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. गुलामगिरी आणि करार यांत फरक आहे. भारतीय मजूर अंगठा उठवून गेले, पगार ठरलेला होता, मुदत ठरलेली होती, संपल्यावर परत यायची मुभा होती. बिहारमध्ये किंवा कोकणात ते त्याच काळात काय सुखात होते? आज त्यांचे वंशज त्या देशाचे पंतप्रधान होतात. प्रत्येक जुन्या वास्तूपुढे उभं राहून गळा काढायचा ही हल्लीची फॅशन झाली आहे. ताजमहालापुढेही विचारा मग, दगड कोणी वाहिले.

---

सरमिसळ

@तर्ककर्कश, ताजमहालापुढेही विचारावंच की. त्याने ताजमहाल पडत नाही.

फरक आहे हे मान्यच. पण 'ठरलेला पगार' जरा उलगडून बघू. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना ५ रुपये आणि शिधा : तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तूप किंवा तेल. आता यात 'डबल कट' नावाची गंमत होती. एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापायचा. तापाने पडलात तरी पुष्कळदा गैरहजरच. फुकट परतीचा प्रवास करारात होता खरा, पण १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो काढून टाकला. त्यानंतर परतायचं तर स्वतःच्या पैशाने. त्या पगारात ते कसं जमायचं, तुम्हीच हिशोब मांडा.

आणि करार संपलेल्यांचं काय? १८६७ च्या कायद्याने त्यांना फोटो लावलेला पास जवळ बाळगायची सक्ती झाली. पास नसला की भटका म्हणून धरायचे, मग दंड किंवा कोठडी. सुटायचा सोपा मार्ग म्हणजे पुन्हा करारावर अंगठा. इतका छळ वाढला की १८७१ मध्ये नऊ हजारांवर जुन्या मजुरांनी अर्जावर सह्या-अंगठे केले. तो अर्ज घडवून आणणारा आदोल्फ द प्लेवित्झ हा स्वतः एका मळ्याचा कारभार बघणारा गोरा माणूस होता. त्याच्याच जातभाईंनी त्याला बेटावरून हाकलायची मागणी केली. लंडनहून चौकशी आयोग आला, १८७५ मध्ये अहवाल आला आणि त्यात बऱ्याच तक्रारी खऱ्या ठरल्या.

---

ऊसकरी

मी बीड जिल्ह्यातला. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी आठवीपर्यंत त्यांच्यासोबत कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीत राहिलो. आता नोकरी करतो.

ताई, तुमचा 'डबल कट' वाचून हसू आलं. आमच्याकडं त्याला खाडा म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती फिटेपर्यंत तोड करायची. कोयत्यातला एक जण आजारी पडला तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वरून खाड्याचा दंड उचलीत चढतो. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसली की पुढच्या सालाला परत तोच मुकादम. बाया पाळीत सुट्टी नको म्हणून काय-काय करून घेतात त्यावर २०१९ ला सरकारनं समितीसुद्धा नेमली होती. पेपरात आलं, विसरलं.

त्या बेटावर मुकादमाला काय म्हणायचे?

अजून एक. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, एक-दोन दिवस राहिला की साखर उतरते. म्हणून कारखाना कुठंबी असो, हंगामात माणसाला रात्र नसते. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरायची. हे संग्रहालयात लिहिलेलं असतं का?

---

सरमिसळ

@ऊसकरी, मुकादमाला 'सिरदार' म्हणायचे. सरदारचंच रूप. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : चोवीस तासांत गाळप झालं पाहिजे हे लिहिलं होतं, पण ते रसायनशास्त्र म्हणून. रात्री दोनची गाडी भरणारा माणूस मी तुमच्या प्रतिसादात पहिल्यांदा पाहिला.

---

तर्ककर्कश

खाडा आजही चालतो हे वाचून मुद्दा थोडा मागे घेतो. थोडाच. करार आणि गुलामी वेगळी, हे अजूनही म्हणतो.

---

जेम्स_नदीकाठी

मी व्हर्जिनियात राहतो. इथून तास-सव्वा तासावर माँटिसेलो आहे, थॉमस जेफरसनचं घर. 'सर्व माणसं समान जन्माला येतात' लिहिणाऱ्या या गृहस्थाच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती. एका वेळी त्या डोंगरावर साधारण १३०. भारतातून कोणी आलं की त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे, त्यामुळे सात-आठ वेळा जाणं झालंय.

तुमच्या सासूबाईंना हे घर आवडलं असतं, कारण इथे हल्ली मागच्या दाराने सुरुवात करतात. घराशेजारी 'मलबेरी रो' नावाची वाट आहे. तिथे सुतार, लोहार, विणकर गुलामांच्या झोपड्या होत्या. खिळे बनवायचा कारखाना होता, दहा ते सोळा वर्षांची मुलं दिवसभर खिळे ठोकायची आणि जेफरसन स्वतः खिळ्यांचा हिशोब ठेवायचा. जेवणाच्या खोलीत शेकोटीच्या बाजूला छोटे पाळणे आहेत, त्यांतून तळघरातल्या वाईनच्या बाटल्या वर यायच्या. पाहुण्यांना वाढपी दिसू नये अशी सोय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 'काय डोकं आहे!' म्हणालो होतो. तिसऱ्या फेरीला कळलं, ते डोकं कशासाठी चाललं होतं.

आणि सॅली हेमिंग्ज. जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण, सासऱ्याला गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी. ती स्वतःही गुलाम. तिला जेफरसनपासून मुलं झाली हे तिच्या वंशजांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जात होतं, मुलगा मॅडिसन १८७३ मध्ये जाहीरपणे बोलला होता. इतिहासकार मानायला तयार नव्हते. १९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली, मग घर चालवणाऱ्या संस्थेने २००० साली ते स्वीकारलं. २०१८ पासून तिच्यावर वेगळी खोली आहे. तिचं एकही चित्र उपलब्ध नाही, म्हणून खोलीत फक्त एका झग्याची आकृती आणि भिंतीवर सावली. तिथे गेलं की सगळे मोबाईल खाली करतात.

जेफरसन १८२६ मध्ये कर्जात बुडून वारला. जानेवारी १८२७ मध्ये घराच्या हिरवळीवर फर्निचरसोबत माणसांचाही लिलाव झाला. जोसेफ फॉसेट नावाच्या लोहाराला मृत्युपत्रात स्वातंत्र्य मिळालं, पण बायकामुलं लिलावात निघाली. पुढे राबून त्याने त्यातली काही परत विकत घेतली. स्वतःची बायको विकत घेणं, हे वाक्य मला अजून नीट म्हणता येत नाही.

इथले गाइड 'गुलाम' असं नाम वापरायचं टाळतात. 'गुलाम केलेली माणसं' म्हणतात. मला आधी ते शब्दांचे चोचले वाटायचे. आता सवय झाली आहे, आणि वर मी तीनदा 'गुलाम' लिहिलंय ते तसंच ठेवतो, कारण मराठीत दुसरं लिहिलं की सरकारी परिपत्रक वाटतं.

---

देवगडचो_झील

आता माझा नंबर. मुंबईहून मॉरिशसला गेलेले मजूर कलकत्ता-मद्रासच्या मानाने थोडे, पण त्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे बरेच होते. ते का गेले हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून विचारतो.

कोकणात खोती होती. गाव खोताच्या ताब्यात, कुळाने पिकवायचं, अर्धं पीक खोताच्या अंगणात नेऊन टाकायचं, वर वेठ. खोताचं घर शाकारायचं तर कुळं, पालखी उचलायची तर कुळं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणलं, आणि ती कायद्याने गेली १९४९ मध्ये. म्हणजे आपल्या आजोबांच्या डोळ्यादेखत. त्याच खोतांचे वाडे आता 'हेरिटेज होमस्टे' झालेत. चौसोपी वाडा, सारवलेलं अंगण, उकडीचे मोदक, झोपाळ्यावर सेल्फी. मी स्वतः एका ठिकाणी राहून पाच तारे देऊन आलो. तिथे कोणी मागचं दार विचारलेलं आठवत नाही.

म्हणान बोललंय, मॉरिशस लांब नाय.

---

सरमिसळ

@देवगडचो_झील, हे लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होते. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, लिही.

त्या राजापूरकडच्या खोताच्या घरातल्या. त्यांच्या लहानपणी खोती नुकती गेली होती, पण रिवाज कुठे गेले होते. कुळं पुढच्या अंगणात थांबायची, बायका मागच्या पडवीला यायच्या. भात कांडायला, भांडी घासायला. त्यांना चहा वेगळ्या कपात, कप मागच्या वळचणीला पालथा घातलेला. सासूबाईंना खेळायला आवडायचं त्यातल्याच एकीच्या मुलीशी. आजीने एकदा पाहिलं आणि मागच्या पायरीची सीमा घालून दिली. हिने पायरीच्या आत बसायचं, तिने पायरीच्या खाली. दोघी तशाच सागरगोटे खेळायच्या.

"त्या व्हरांड्यावर मला पाहुणी असल्यासारखं वाटेना," म्हणाल्या. "घरच्यासारखं वाटलं. म्हणून मागचं दार विचारलं."

मी इतकी वर्षं त्या घरी गणपतीला जाते. ती पायरी मी ओलांडून जाते-येते, मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

---

भटक्या_विमुक्त

फोटो मागितला होता तो आता नको. म्हणजे, टाका, पण मी वर विनोद केला होता त्याबद्दल सॉरी.

---

मोकावासी

नमस्कार. मी मॉरिशसचा आहे, मोका भागात राहतो, शाळेत मराठी शिकवत होतो, आता निवृत्त. इथे वाचतो खूप, लिहितो कमी. माझ्या मराठीत चुका असतील, सांभाळून घ्यावे. ती आम्ही पुस्तकातून परत शिकलेली मराठी आहे. घरात क्रेओल, इथली फ्रेंचवरून आलेली बोली.

ताई, तुमचा लेख माझ्या बायकोला वाचून दाखवला. काही गोष्टी जोडतो, आणि एका गोष्टीवर तक्रारही आहे.

आमच्या पूर्वजांची नावे कारकुनाने ऐकू आली तशी लिहिली. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा. रत्नागिरीचे स्पेलिंग इतक्या प्रकारे सापडते की हसावे की रडावे. पुढे आजोबाचे पहिले नाव हेच नातवाचे आडनाव झाले. माझे आडनाव म्हणजे माझ्या खापरपणजोबांचे नाव. मूळ आडनाव कोणते, ते गेले. ही रजिस्टरे आणि १८६० च्या दशकापासूनचे मजुरांचे फोटो मोका येथे महात्मा गांधी संस्थेत जपलेले आहेत. लोक तिथे अर्ज करून पूर्वजांची नोंद काढतात. फोटोत सगळे सरळ समोर बघतात, कोणी हसत नाही. बायकांचेही फोटो आहेत.

मळ्यावरच्या वस्तीला आम्ही 'कां' म्हणतो, फ्रेंच कॅम्पवरून. भोजपुरी बोलणारे मळ्याला, कारखान्याला 'कोठी' म्हणत. माझी आजी म्हणायची, कोठीचा भोंगा हेच आमचे घड्याळ. घरे उसाच्या पाचटाने शाकारलेली.

गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, हे तुम्हांला माहीत असेल. आमच्याकडे 'झाकरी' नाचतात. कोकणातल्या जाखडीचेच ते नाव. ढोलकी, घुंगरू, गोल फेर. शब्दांचा अर्थ पुष्कळांना कळत नाही, चाल चुकत नाही.

आता तक्रार. तुम्ही 'आपली माणसं' लिहिले तेव्हा मला आनंद झाला. पण माझे शेजारी क्रेओल समाजाचे आहेत. त्यांचे पूर्वज मोझांबिकचे. गुलामगिरी संपली तेव्हा त्यांना आणखी काही वर्षे 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकाकडे राबवले, ते १८३९ मध्ये संपले. त्यांनी मळे सोडले, कोणी समुद्रकाठी मासे धरायला गेले, कोणी गावाबाहेर. मालकांना वाटले हे लोक जास्त मजुरी मागतील, म्हणून भारतातून स्वस्त माणसे आणली. म्हणजे आमचे येणे हेच त्यांच्या हातातून सौदा जाण्याचे एक कारण होते. आमच्या लोकांनी हे केले नाही, त्यांच्याकडून करवले गेले. पण झाले. लमॉर्न डोंगराची गोष्ट तुमच्या गाइडने सांगितली असेल. पळून गेलेले गुलाम वर लपत. सांगतात की मुक्तीची बातमी द्यायला शिपाई वर चढले तेव्हा धरायलाच आले असे वाटून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. १ फेब्रुवारीला आम्ही तिथे फुले वाहतो. मी दरवर्षी जातो.

आणि आमच्यातही सगळे सारखे राहिले नाहीत. १८८० नंतर साखरेचा भाव पडला, मालकांनी मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकडे करून विकल्या. ज्यांनी घेतल्या त्यांत सिरदार पुष्कळ होते, कारण पैसा त्यांच्याकडे होता. तो पैसा मजुरांकडूनच आलेला. आज इथल्या काही चांगल्या भारतीय घराण्यांचा पाया तिथे आहे. ते सांगत नाहीत. २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग बसला, २०११ मध्ये अहवाल दिला. गुलामगिरी, करारमजुरी, हिसकावलेल्या जमिनी, सर्व त्यात आहे. वाचणारे थोडे.

---

सरमिसळ

काका, तक्रार मान्य. बो प्लांमध्ये गुलामगिरीच्या दालनातून मी पंधरा मिनिटांत बाहेर आले आणि भारतीय मजुरांच्या फोटोंपुढे तासभर होते. हे मला तुमचं वाचेपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

---

ऊसकरी

काका, सिरदाराचं वाचलं. आमच्याकडं पण मुकादम हा ऊसतोड्यांतूनच पुढं आलेला असतो. माझा मामा मुकादम आहे. त्याच्या पैशावर मी शिकलो. आता काय बोलू.

तिथं कधी संप झाले का?

---

मोकावासी

झाले. १९३७ मध्ये मोठी अशांतता झाली, गोळीबार झाला. आणि २७ सप्टेंबर १९४३ हा दिवस आमच्या प्रत्येक शाळेत शिकवतात. बेल व्ह्यू आरेल मळा, पाम्प्लेमूस जिल्ह्यातच, म्हणजे ताईंनी साखर चाखली तिथून लांब नाही. मजूर मजुरीसाठी संपावर होते. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. अंजली कुपेन नावाची मजूर स्त्री गेली. ती गरोदर होती. दोन पुरुष आणि एक लहान मुलगाही गेले. आता त्या भागातल्या फुटबॉलच्या मोठ्या मैदानाला तिचे नाव आहे. सामना असला की लोक म्हणतात, "अंजलीला चाललो." मला ते आवडते.

---

तर्ककर्कश

मोकावासी, तुमची मराठी आमच्या निम्म्या लोकांपेक्षा शुद्ध आहे.

एक प्रामाणिक प्रश्न. ती मळेवाल्यांची घरं तुम्हांला कशी वाटतात? पाडावीत, ठेवावीत, की तिथे रेस्टॉरंट चालू द्यावीत?

---

मोकावासी

धन्यवाद साहेब. घरे सुंदर आहेत. सुंदर का असू नयेत, आमच्याच सुतारांनी बांधली, आमच्या बायकांनी घासली. माझ्या पुतणीचे लग्न अशाच एका घराच्या हिरवळीवर झाले. माझे वडील त्या फाटकातून आत जाताना टोपी काढत. पुतणीला हे सांगितले तर ती म्हणाली, "काका, म्हणूनच तर तिथे करते." मी जेवलो. जेवण महाग होते आणि बरे नव्हते.

पाडू नयेत एवढे मला कळते. कारण पाडले की तिथे व्हिला बांधतात, आणि मग ताईंच्या सासूबाईंना बसायला ती पायरीही राहणार नाही.

---

अन्नपूर्णा_७२

इतक्या गंभीर धाग्यात विचारायला संकोच वाटतोय, पण मॉरिशसच्या ढोल पुरीची पाककृती मिळेल का? मी ऐकलंय आपल्या पुरणपोळीसारखीच, फक्त तिखटमिठाची.

---

मोकावासी

संकोच नको. डाळ उकडून कोरडी वाटायची, हळद-जिरे-मीठ, पोळीत भरून लाटायची, तव्यावर. बरोबर घेवड्याची रस्सेदार उसळ आणि टोमॅटोची चटणी, त्याला आम्ही 'रुगाय' म्हणतो. दोन-दोनच्या जोडीने विकतात. ती बिहारी लोकांनी आणली, पण आता ती सगळ्यांची आहे, चिनी दुकानदारही रांगेत असतो. बायको सविस्तर लिहून देईल.

---

जेम्स_नदीकाठी

माँटिसेलोच्या पार्किंगजवळ, झाडीत, त्या राबणाऱ्या माणसांची दफनभूमी आहे. बहुतेक थडग्यांवर नावच नाही, नुसते दगड. वर जेफरसनचं दगडी स्मारक कुंपणात. या रविवारी बायकोच्या मामांना घेऊन चाललोय. यावेळी आधी खाली जाणार.

---

ऊसकरी

सरमिसळ ताई, तुम्ही काल टाकलेला कारखान्याच्या चिमणीचा फोटो बघितला. शेतात एकटी काळी चिमणी, बाजूला कारखाना नाही. तिच्या मागं ऊस तोडलेला दिसतोय आणि सरीत वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तसेच पडलेत. आमच्याकडं वाढे कोणी सोडत नाही. आई मोळ्या बांधून गावात विकायची, मीठ-मिरची त्याच्यावर निघायची. तिथं वाढे कोण नेतं?

---

सरमिसळ

मी पाहिलंच नाही हो ते. @मोकावासी काका?

---

मोकावासी

तशा चिमण्या बेटावर शंभराच्या आसपास उरल्या आहेत, कारखाने गेले तशा त्या राहिल्या.

वाढे आता यंत्र तोडते तिथे पडून राहतात. पूर्वी बायका नेत. प्रत्येक घरामागे एक गाय असे, दूध विकायचे ते सायकलवरून. माझी आई पहाटे मळ्यावर जाई, दुपारी डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन परत. भारा इतका मोठा की लांबून फक्त पाने चालत येताना दिसत. आम्ही पायांवरून ओळखायचो आई कोणती ते.

---

ऊसकरी

आम्ही पण.